साहित्य : गावकरी, पाच नग

ज्ञानेश्वरीने अकरावीला दुसरी भाषा म्हणून स्पॅनिश घेतली, तेव्हा राजाभाऊंनी अर्जावर सही केली ती ‘स्कोअरिंग आहे हो बाबा’ या चार शब्दांच्या भरवशावर. राजाभाऊ म्हणजे राजेंद्र रहाटे, रत्नागिरीतल्या एका सरकारी कार्यालयातले वरिष्ठ लिपिक. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कागद न वाचता केलेली ही एकमेव सही, आणि नेमकी तीच अंगाशी आली.

तळमजल्यावरच्या आप्पांनी तेव्हाच इशारा दिला होता. आप्पा एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले होते, पण वाहतुकीवरचं नियंत्रण सोडलं तर बाकी कशावरचं नियंत्रण त्यांनी सोडलेलं नव्हतं. “स्पॅनिश कशाला?” ते म्हणाले. “पोर्तुगीज घ्यायची! निम्मी आपल्याला येतेच. पाव, बटाटा, साबण, चावी, पगार. एवढ्यात माणसाचा अख्खा महिना निघतो.” पोर्तुगीज कॉलेजात शिकवतच नाहीत, असं राजाभाऊंनी सांगून पाहिलं. “मागणी करा,” आप्पा म्हणाले. “मागणी केल्याशिवाय गाडी सुटत नाही.”

पण खरा धक्का बसला तो वही उघडल्यावर. ज्ञानेश्वरीच्या वहीत वाक्याच्या सुरुवातीलाच एक प्रश्नचिन्ह होतं, आणि तेही उलटं. पोरगी घाईत चुकली असेल म्हणून राजाभाऊंनी लाल पेन काढलं. “बाबा, ते तसंच असतं,” ती म्हणाली. “पुढे प्रश्न येणार आहे, हे वाचणाऱ्याला आधी कळावं म्हणून.” राजाभाऊ लाल पेन हातात धरून बसून राहिले. प्रश्नाची आगाऊ सूचना! त्यांच्या कार्यालयात चार चार पानांच्या टिपणीत शेवटच्या ओळीत प्रश्न निघायचा आणि तोवर वाचणारा झोपलेला असायचा. ज्या लोकांनी सगळ्या देशाला अशी शिस्त लावली ते लोक काय दर्जाचे असतील! त्या दिवसापासून त्यांना स्पॅनिशचा आदर वाटू लागला, आणि थोडी भीतीही.

बारावीला कॉलेजने ‘प्रगत स्पॅनिश’ असा जादा वर्ग काढला. विद्यार्थी चार, आणि शिकवायला मनस्वी मॅडम. मॅडम रत्नागिरीच्याच, पुण्याला जाऊन स्पॅनिश शिकून आलेल्या. या वर्गात गेल्यापासून ज्ञानेश्वरी घरात फोनवर मैत्रिणीशी, म्हणजे सानवीशी, स्पॅनिशमध्ये बोलायला लागली. नुसती बोलायची नाही, भांडायची. राजाभाऊ बंद दाराबाहेर उभे राहून ऐकायचे. एक अक्षर कळायचं नाही, पण एवढं कळायचं की आपली लेक कुठेही अडत नाहीये. घरात ‘भाजी वाढू का’ला उत्तर द्यायला जिला तीन मिनिटं लागायची, तिच्या तोंडून शब्द नुसते घरंगळत होते. हे सगळं हिच्यात कुठून आलं? रहाट्यांच्या सात पिढ्यांत कोणी इतकं बोललेलं नव्हतं. “आत तरी जा, नाहीतर बाजूला तरी व्हा,” त्यांची बायको रेणुका म्हणायची, “मला केर काढायचाय.”

मग एका रविवारी जेवताना ज्ञानेश्वरी म्हणाली, “मला बारावीनंतर पुण्याला जाऊन स्पॅनिशच करायचंय.”

राजाभाऊंचं ठरलेलं होतं. फार्मसी, तीही इथेच. मुलगी सकाळी जाईल, संध्याकाळी येईल, डोळ्यांसमोर राहील. दाराबाहेर उभं राहून कौतुक करणं वेगळं आणि एकुलत्या मुलीला परगावी पाठवणं वेगळं. “भाषा ही नोकरी नसते,” ते म्हणाले. “विषय संपला.” ज्ञानेश्वरी “बरं” म्हणाली. ती आजवर कशालाच ‘बरं’ म्हणालेली नव्हती, त्यामुळे राजाभाऊंना त्या दिवशी मासे गोड लागले नाहीत.

विषय अर्थातच संपलेला नव्हता. प्रगत वर्गाची तोंडी परीक्षा फेब्रुवारीत होती. परीक्षक म्हणून पुण्यात शिकवणाऱ्या इनेस मॅडम यायच्या होत्या, अस्सल स्पेनच्या. प्रत्येकाने आपल्या भागातली एक रीत स्पॅनिशमधून, करून दाखवायची. नुसता निबंध पाठ म्हणायचा नाही. श्रोत्यांच्या सहभागाला वेगळे दहा गुण. सानवीने मोदक निवडले. ज्ञानेश्वरीने निवडलं गाऱ्हाणं.

गावात काही मोठं काम निघालं की देवळात गाऱ्हाणं घालतात. एक जाणता माणूस सगळ्यांच्या वतीने देवाला हाक मारतो, अडचण सांगतो, मागणं मागतो, आणि दर मागण्याला बाकीचे एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. तळेकोंडात, म्हणजे रहाट्यांच्या गावी, हा मान राजाभाऊंचे चुलते गंगाराम यांच्याकडे होता. मनस्वी मॅडम निवडीवर बेहद्द खूश झाल्या. “अहो, आमचं निम्मं वर्ष जातं ते जे झालं नाही पण व्हावंसं वाटतं ते बोलायला शिकवण्यात,” त्या राजाभाऊंना म्हणाल्या. “आणि गाऱ्हाण्यात दुसरं असतं काय? सगळं ‘होऊ दे’ आणि ‘मिळू दे’!” विषय राजाभाऊंनाही आवडला. फार्मसीला जायच्या आधी पोरीला चांगले गुण पडणार असतील, तर बापाने हातभार लावायला हवा. ते एक दिवसाची किरकोळ रजा टाकून, गाऱ्हाण्याची लेखी प्रत आणायला एसटीने गावी गेले.

“लेखी?” गंगारामकाका म्हणाले. ते अंगणात सुंभ वळत बसले होते. “गाऱ्हाणं लिवीत नाय रे राजा, घालतात.”

“मग तोंडी सांगा, मी लिहून घेतो.”

“आनि देवान् ऐकलान तर? हाक मारल्यावर तो येनार. इलास काय, बस काय, काम कायच नाय, असा सांगनार त्याला? तुज्या हापिसात चालता ह्या?”

राजाभाऊंच्या कार्यालयात हे रोज चालायचं. काकांचं म्हणणं असं, की गाऱ्हाण्याची रंगीत तालीम नसते. देवाला हाक मारायची तर मागणं खरं पाहिजे. ‘व्हय’ म्हणायला निदान पाच मानकरी पाहिजेत. आणि जो ‘व्हय’ म्हणाला तो त्या शब्दाला बांधला गेला; मग तो गावचा असो, मुंबईचा असो. राहिला प्रश्न परभाषेचा. तो काकांच्या अधिकारात बसत नव्हता. त्यासाठी वरची मंजुरी लागणार होती, म्हणजे कौल.

एवढ्या वरची मंजुरी राजाभाऊंनी कधी घेतली नव्हती. देवळात गुरवाने केदारलिंगाच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवली. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. काकांनी विचारलं, “बा म्हाराजा, परक्या भाषेत गाऱ्हाणं चालंल?” डावं फूल टपकन पडलं.

“झालं,” राजाभाऊ म्हणाले.

“थांब रे, अपील असता,” गुरव म्हणाला आणि फुलं पुन्हा लावली. या वेळी काकांनी विचारलं, “पोरीचा अभ्यास हाय, तवा चालंल?” त्यावर देवाने काहीच सांगितलं नाही. पाऊण तास गेला, दीड तास गेला. राजाभाऊंची दोनची एसटी गेली. विचाराधीन प्रकरण म्हणजे काय, हे त्यांना पहिल्यांदा समोरच्या बाजूने कळलं. लोक कार्यालयात खुर्चीवर बसून त्यांच्याकडे ज्या नजरेने बघायचे त्याच नजरेने ते देवाकडे बघत होते. शेवटी काकांची चिकाटी संपली. “काय रे,” ते देवाला म्हणाले, “तुला कळनार नाय काय ती भाषा? तसा आसंल तर तसा सांग!” उजवं फूल त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत खाली आलं.  राजाभाऊंनी चपला नसतानाही चपला काढल्यासारखं केलं आणि साष्टांग नमस्कार घातला.

देवाची मंजुरी मिळाली. कॉलेजची राहिली होती. उपप्राचार्यांनी परिपत्रक पुढे केलं. परीक्षा कक्षात परीक्षार्थी, शिक्षक आणि परीक्षक यांखेरीज कोणालाही प्रवेश नाही. पालकांना तर नाहीच नाही. “पण सर, गाऱ्हाण्याला मानकरी लागतात. शिवाय गुण आहेत सहभागाला.” उपप्राचार्य म्हणाले, “सहभाग घ्या, माणसं आणू नका.”

आप्पांनी सल्ला दिला की मानकऱ्यांना अकरावीत प्रवेश घ्यायला लावा. रेणुका म्हणाली, विषय बदला, मीही चार मोदक करून देते. इतर कोणी असता तर खचला असता, पण राजाभाऊ परिपत्रकांवर वाढलेला माणूस. त्यांनी रात्रीचं जेवण बाजूला सारून परीक्षेचा अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला आणि रकाना सातपाशी त्यांचं बोट थांबलं. ‘सोबत आणावयाचे साहित्य (उदा. तक्ते, प्रतिकृती, वाद्ये) व नग.’ राजाभाऊंनी स्वच्छ अक्षरात लिहिलं: ‘गावकरी, पाच नग.’

उपप्राचार्यांनी तो रकाना दोनदा वाचला. चष्मा काढून, पुसून, तिसऱ्यांदा वाचला. नियमात हरकत घेण्यासारखं काही नव्हतं. “नग परत नेण्याची जबाबदारी कोणाची?” त्यांनी विचारलं. “पालकांची,” राजाभाऊ म्हणाले. शिक्का बसला. अगरबत्ती अग्निशमनाच्या कारणावरून नामंजूर झाली आणि नारळ परीक्षेनंतर बाहेरच्या पायरीवर फोडावा असं ठरलं. राजाभाऊ त्या दिवशी कॉलेजच्या जिन्यावरून छाती काढून उतरले.

परीक्षेच्या दिवशी सकाळी गावचा टेम्पो फाटकाशी आला. धोतर, टोप्या, खांद्यावर उपरणी. गंगारामकाका उतरले, मागोमाग तीन जण उतरले, आणि उतरणं संपलं.

“पाचवा?” राजाभाऊंनी विचारलं.

“संदेश मुंबैस गेला काल,” काका म्हणाले. “नातवाचा बारसा हाय.”

फाटकावरच्या शिपायाने अर्जाची प्रत काढली. पाच नग लिहिलंय, चार दिसतायत. कमी असेल तर साहित्य अपूर्ण, साहित्य अपूर्ण असेल तर नोंद लाल शाईने. आणि काका म्हणत होते की पाचाशिवाय मी तोंड उघडू देणार नाही पोरीला. राजाभाऊंनी रस्त्यावर दोन्ही बाजूंना पाहिलं. आप्पा सकाळीच मासळी बाजारात गेले होते. काकांनी पिशवीतून एक जुनी टोपी काढली, झटकली आणि न विचारता राजाभाऊंच्या डोक्यावर ठेवली. थोडी मोठी होती, कानांवर आली. “रहाट्यांचाच हायस की तू,” ते म्हणाले. “मान तुजाबी हाय.” शिपायाने हातातल्या पेनाने एकेकाच्या छातीकडे बोट दाखवत मोजलं. “...चार, पाच. जाऊ द्या.” वरिष्ठ लिपिक, सव्वीस वर्षं सेवा, गोपनीय अहवाल कायम उत्तम, पालक म्हणून जिथे पाऊल टाकायची मनाई, तिथे राजाभाऊ नग म्हणून आत गेले.

सानवीची परीक्षा नुकतीच आटोपली होती. तिचं साहित्य, मोदक, अकरा नग, इनेस मॅडमनी अर्ध्यावर आणलं होतं. मॅडम उंच, पिकल्या केसांच्या, साध्या सुती कुडत्यातल्या. मानकरी भिंतीशी ओळीने उभे राहिले. ज्ञानेश्वरी पुढे आली. तिने ओळीवर नजर फिरवली आणि टोपीतल्या बापापाशी येताच तिचा चेहरा एकदम उतरला. तिला बहुधा हसू येत असेल, असं राजाभाऊंना वाटलं. त्यांनी टोपी थोडी मागे सारली.

ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिने डोळे मिटले, हात जोडले आणि हाक मारली.

पहिल्या शब्दालाच राजाभाऊ हबकले. स्पॅनिश होती, पण चाल तळेकोंडाची होती. काका जिथे आवाज चढवतात तिथे चढत होती, जिथे थांबतात तिथे थांबत होती. वाक्याच्या शेवटी ‘केदारलिंगा, म्हाराजा’ आलं आणि कोणी सांगायच्या आधी पाचही जणांच्या तोंडून निघालं, “व्हय म्हाराजा!” खिडकीवरची कबुतरं उडाली. ती पुढे गेली. एकापाठोपाठ एक मागणं, लाटेसारखं उचलून आणायचं आणि त्यांच्या पायाशी सोडायचं. काकांनी तर डोळेच मिटून घेतले होते. इनेस मॅडमनी पेन कधीच खाली ठेवलं होतं, आणि तिसऱ्या खेपेपासून त्याही ‘व्हय म्हाराजा’ म्हणू लागल्या.

राजाभाऊंना वाटलं, आपण ही मुलगी कधी पाहिलेलीच नाही. वर्षभर आपण बंद दाराबाहेरून जे ऐकत होतो, ते दाराएवढंच होतं. खरं हे आहे.  मध्येच तिने ‘राजेंद्र’ म्हटल्यासारखं त्यांना ऐकू आलं. ते चपापले, पण काका गरजले म्हणून तेही गरजले. थोड्या वेळाने पुन्हा ‘राजेंद्र’ आलं. या वेळी तिचा आवाज खाली होता, जरासा कापराही. देवापुढे आपल्या बापाचं नाव घेतेय म्हणून राजाभाऊंनी सगळ्यांच्या वर, टोपी हलेपर्यंत, ओरडून सांगितलं, “व्हय म्हाराजा!”

परीक्षा संपली. इनेस मॅडम ज्ञानेश्वरीला जवळ घेऊन काहीतरी बोलत राहिल्या, आणि मनस्वी मॅडम मानकऱ्यांना घेऊन बाहेर व्हरांड्यात आल्या. त्यांचे डोळे ओले होते. “राजाभाऊ, मानलं तुम्हाला,” त्या म्हणाल्या. “एवढ्या मोठ्या मनाने पुण्याला होकार दिलात.”

“कशाला होकार?”

मॅडम गोंधळल्या. मग त्यांनी हळूहळू सगळं सांगितलं. मागणं खरं पाहिजे ही काकांची अट तिने पाळली होती. मला पुढेही हीच भाषा शिकायची आहे, तिने सांगितलं होतं. माझे बाबा, राजेंद्र, नाही म्हणतात. ते वाईट नाहीत, त्यांना मी डोळ्यांसमोर हवी आहे. त्यांचं मन वळू दे, म्हाराजा, आणि मला पुण्याला जाऊ दे.

“आणि मी...”

“व्हय म्हणलास,” काका म्हणाले. “म्या ऐकला.”

राजाभाऊंचा सगळा अनुभव जागा झाला. मजकूर समजून न देता घेतलेली संमती ग्राह्य नसते, ते म्हणाले. मी तिथे पालक म्हणून नव्हतोच, साहित्य म्हणून होतो. साहित्याची संमती कुठल्या नियमात बसते? आणि भाषा येत नसताना...

“आमाला तरी खटं येत होती?” काका शांतपणे म्हणाले. “पोर देवाकडं वंगाळ काय मागनार नाय, येवढा ठावं होता, म्हनून व्हय म्हनलाव. तू कशावर म्हनलास?”

 राजाभाऊंनी व्हरांड्याचा कठडा धरला. त्यांनीही तेवढ्यावरच म्हटलं होतं. पोरगी अशी बोलत असताना नाही म्हणायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. मग त्यांना आठवलं. “मॅडम, माझं नाव दोनदा आलं. दुसऱ्यांदा काय मागितलं?”

मनस्वी मॅडमनी आधी दाराकडे पाहिलं. “ते सांगू की नको, कळत नाही. ती म्हणाली, मी कधी घर सोडून राहिलेले नाही, मला फार भीती वाटते. ती भीती बाबांना दिसू देऊ नकोस. दिसली, तर ते मला पाठवणार नाहीत.”

यालाच राजाभाऊ सगळ्यांत मोठ्याने ओरडले होते.

दार उघडलं आणि ज्ञानेश्वरी बाहेर आली. हातातला कागद तिने गुंडाळला होता, सोडला होता, पुन्हा गुंडाळत होती. “बाबा,” ती म्हणाली, “तुम्ही येणार हे मला खरंच माहीत नव्हतं. थांबणार होते मी. पण हाक मारून झाल्यावर थांबता येत नाही ना.”

“नाही थांबता येत.”

“मॅडमनी सांगितलं, मी काय मागितलं ते?”

“सांगितलं.”

तिने कागद गुंडाळायचा थांबवला. “सगळं?”

राजाभाऊंनी मॅडमकडे पाहिलं नाही. “पुण्यापर्यंतचं सांगितलं,” ते म्हणाले. “जायचं. पुढचं मी विचारलं नाही.”

ज्ञानेश्वरी हसली, आणि हसता हसता तिची हनुवटी लटपटायला लागली. “मी राहीन हो बाबा,” ती घाईघाईने म्हणाली. “मला एकटीला राहायची भीती-बिती काही वाटत नाही.”

तिच्या हातातल्या कागदाचा थरथरणारा आवाज राजाभाऊंना स्वच्छ ऐकू येत होता. आत्ता या क्षणी ‘नको जाऊस’ म्हटलं असतं, तर ती कदाचित थांबलीही असती. त्यांनी डोक्यावरची टोपी कपाळावर, अगदी डोळ्यांपर्यंत खाली ओढली.

“ते दिसतंयच की मला,” ते म्हणाले. “चल, पायरीवर नारळ फोडायचाय. मंडळी खोळंबलीत.”